वॉर्डातला फुकटचा उजेड

३ एप्रिल १९८९, सोमवार
कॉम्प्युटरवर चित्र आलं एकदाचं. डॉ. मॅडमच्या नव्या हॉस्पिटलातला बाळंतिणींचा वॉर्ड. सहा खाटा, सहा पाळणे, एक खिडकी पूर्वेला, एक आतल्या उघड्या चौकाकडे, कमरेइतका हिरवा ऑइलपेंट. शनिवारी मशीन चालू ठेवून गेलो होतो, आज आलो तेव्हा शेवटच्या ओळी उमटत होत्या. पण सावल्या काळ्याकुट्ट. खाटांखाली नुसती भुयारं.
साहेब मागे येऊन उभे. "काहून गा, हॉस्पिटल आहे का भुतांचा बंगला?"
हसलो. हसावंच लागतं. अख्ख्या रामदासपेठेत कॉम्प्युटरवर खोली दाखवणारे आर्किटेक्ट आपणच, असं ते येईल त्याला सांगतात. तेवढ्यावर माझी खुर्ची आहे. मशीन फसलं की मी परत ट्रेसिंग पेपरवर, नाहीतर घरी.

४ एप्रिल
प्रोग्रॅममध्ये एक आकडा आहे. खोलीतल्या प्रत्येक वस्तूला तेवढा उजेड आपोआप मिळतो, खिडकी असो वा नसो. मी त्याला फुकटचा उजेड म्हणतो. ०.१५ होता, ०.४५ केला. पुन्हा चालवायला लावलं.

६ एप्रिल
खोली न्हाऊन निघाली! पडदे ओढून, कॅमेरा स्टँडवर लावून स्क्रीनचे फोटो काढले. साहेबांनी चहा सांगितला. माझ्यासाठी. पहिल्यांदाच.

८ एप्रिल, शनि.
मॅडम आल्या. फोटो हातात घेऊन बराच वेळ पाहत होत्या. "हे तर खरंच वाटते हो!" मग डॉक्टरी प्रश्न: "पण उन्हाळाभर ह्या पूर्वेच्या खिडकीत कूलर बसणार. तो लावून दाखवा ना."
बरोबर आहे. नागपुरात एप्रिल ते जून खिडकी म्हणजे कूलरची जागा. वाळ्याच्या ताट्या, वर लाकडी फळी, फटींत कापडाचे बोळे. उजेड कसला येतोय. तर आता कॉम्प्युटरात कूलर बसवणं आलं.

१२ एप्रिल
कूलर बसवला. मॅडमनी दोन्ही फोटो शेजारी ठेवले. खोली होती तशीच लख्ख.
"म्हणजे कूलर लावूनही उजेड पुरतो. मग चौकाकडची खिडकी कशाला? चौक भरून घ्या, मला एक स्पेशल रूम निघते." साहेबांची पेन्सिल लगेच चालू. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. "बरोबर ना?"
"हो मॅडम."
का म्हणालो? तेव्हा सुचलं नाही, असं लिहिणार होतो. सुचलं होतं. खिडकी झाकली आणि उजेड हलला नाही, कारण तो खिडकीतून येतच नव्हता, माझ्या आकड्यातून येत होता. हे मला फोटो काढतानाच कळलं होतं. पण साहेब खुशीत होते.

१५ एप्रिल
पाळण्याची मापं घ्यायला धंतोलीत, मॅडमच्या सध्याच्या दवाखान्यात. वॉर्डात म्हाताऱ्या सिस्टर एका बाळाला उघडं करून खिडकीत धरून उभ्या. कपाळ दाबत होत्या, मग छाती, मग पोट.
"काय पाहून राहिल्या सिस्टर?"
"कावीळ. दाबून सोडलं का खालची चामडी पिवळी दिसते. बल्बात काही समजत नाही, बल्बच पिवळा. खिडकीतच पाहा लागते. दिसलं का मॅडमले सांगायचं, मंग त्या रक्त तपासतात. आमाले दिसलंच नाही तं त्याहिले कोन सांगन?"
नव्या वॉर्डाचं विचारलं. "तिथं तं दोन खिडक्या हायेत म्हने. एकीत कूलर बसला तरी दुसरी हाये."
मापं अर्धवट टाकून खाली आलो. स्कूटरवर बसून राहिलो, किक मारायचं सुचेना.
पारशिवनीची ताई. तिची मंगी घरीच झाली, भर उन्हाळ्यात, खिडक्यांना गोणपाट लावलेल्या खोलीत. पिवळी पडली ते पाचव्या दिवशी दिसलं. नागपूरला आणली, वाचली. सहा वर्षांची आहे. काविळीनं कान गेले, ऐकू येत नाही. ताई अजून म्हणते, "अंधारात कसं दिसन गा मले?" सहा वर्षं हे वाक्य ऐकतोय आणि तरी मी हो मॅडम म्हणालो.

१६ एप्रिल, रवि.
जेवण गेलं नाही. खोटा आकडा माझा. घाबरलोय, दुसरा शब्द नाही.

१७ एप्रिल
फुकटचा उजेड काढून टाकला. शून्य. पण शून्यही खोटंच. भिंतीवर पडलेला उजेड भिंत परत फेकते, छत फेकतं, चादर फेकते. तोही मोजायला पाहिजे, नाहीतर नुसता अंधार दाखवला म्हणून मलाच धरतील. प्रोग्रॅममध्ये भिंतींचे चौकोनी तुकडे पाडले. प्रत्येक तुकड्यानं बाकीच्या प्रत्येकाला विचारायचं, तुझ्याकडून मला किती? साहेबांना सांगितलं, चित्र सुधारतोय. तेही खोटं नाही.

२० एप्रिल
सव्वीस तास चाललं आणि लाइट गेली. सगळं पाण्यात. दर ओळीला फ्लॉपीवर उतरवायची अक्कल आज आली. साइटवर पहिल्या मजल्याच्या, म्हणजे वॉर्डाच्याच, विटा चढताहेत. चौकाची खिडकी केव्हा बुजवणार, विचारायची हिंमत झाली नाही.

२४ एप्रिल, सोम.
झालं. कूलर पूर्वेला, चौकाची खिडकी बंद.
हिरव्या भिंतीचा रंग चादरींवर उतरलाय. मी सांगितला नव्हता, आपोआप आला. खाटेखालची सावली कडेला विरघळत गेलीय. तीन वर्षं खोल्या काढतोय, आज पहिल्यांदा खोली दिसली. मिनिटभर इतका आनंद झाला की एकटाच हसलो.
मग पाळण्यात पाहिलं. पांढरं दुपटं पांढरं नाही. हिरवट, राखी. ह्यात बाळ पिवळं पडलं तर कोणाला दिसणार?

२५ एप्रिल
फोटो काढून साहेबांना दाखवलं.
"हे काय करून ठेवलं? मागचं किती मस्त होतं."
"साहेब, हे खरं आहे."
"खरं असं दिसत नसते गा. मॅडम म्हणन कॉम्प्युटर बिघडला."
मग सगळं सांगितलं. आकडा, कूलर, सिस्टर. साहेबांनी फोटो उजेडात नेऊन पुन्हा पाहिला. माणूस वाईट नाही. पण शेवटी म्हणाले, "तूच हो म्हणला ना त्याहिले? आता म्हणशील ते खोटं होतं, तं मंग आपले बाकीचे फोटो? खिडकीचं नाव काढू नको." फोटो खणात टाकला.
आता भीती दोन झाल्या: खुर्ची जाण्याची आणि पिवळं बाळ न दिसण्याची. कोणती मोठी ते दर तासाला बदलतंय.

२७ एप्रिल
साइटवर गेलो, साहेबांना न सांगता. चौकाच्या खिडकीपाशी विटा भिजवून ठेवलेल्या. मिस्त्री म्हणाला, "जेवण झालं का बंद करतो."
"थांबा. नकाशा बदलून राहिला. साहेबांनी सांगितलंय." साहेबांनी काही सांगितलेलं नाही.
"मंग लिहून द्या ना भाऊ. उद्या मलेच बोलतीन." साइटवर तोंडी हुकूम चालत नाही, भिंतीवर लागतो. त्याच्या कानावरची पेन्सिल घेऊन लिहिलं: ही खिडकी बंद करू नये. खाली सही, तारीख.

२८ एप्रिल, शुक्र.
साहेबांना दुपारीच कळलं. ओरडले नाहीत, त्यानं जास्त घाबरलो. "उद्या दहाले मॅडम साइटवर येऊन राहिल्या. तूच सांग त्याहिले. मी मधात नाही. आणि सोमवारपासून तुझं काय करायचं ते पाहू."
खणातला अंधारा फोटो नेऊन उपयोग नाही. मॅडमना तो चित्रच वाटेल. म्हणून सिस्टरना गाठलं. त्या म्हणाल्या, "कपड्यावर दाखवा." दोन दुपटी दिली, जुनी, मऊ. एक तसंच, एक हळदीच्या पाण्यात बुडवून धुतलेलं, अगदी फिकं. मिस्त्री पूर्वेकडे फळ्या लावून देतो म्हणाला, चौकाकडे ताडपत्री; वर स्लॅब आहेच. मॅडमना आत उभं करायचं आणि विचारायचं, ह्यातलं पिवळं कोणतं?
संध्याकाळी तिथंच करून पाहिलं. मला ओळखता आलं. अंदाजानं, पण आलं. मला आलं तर मॅडमना येणारच, त्यांची नजर तयार आहे. आणि त्यांनी ओळखलं की खिडकी गेली, आणि ती मीच घालवली.
घरी येऊन हळदीचं दुपटं पुन्हा धुतलं. आणखी फिकं झालं. अजून एकदा पाण्यातून काढलं तर आत कोणालाच ओळखू येणार नाही, मॅडमनासुद्धा. म्हणजे हाही पुन्हा माझाच आकडा. उघड्या खिडकीत तरी दिसेल का, ते माहीत नाही. काविळीच्या पहिल्या दिवशी बाळ किती पिवळं असतं, हेही मला माहीत नाही. सिस्टरना विचारावं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानातून दोनदा फोन लावला. उचलत नाहीत.
दुपटं बादलीत आहे. साबण बाजूला काढून ठेवलाय. वापरलेला नाही, अजून.