हात सगळ्यात शेवटी

म्हसावद
९ मार्च २०२६

प्रिय भाऊ,

नमस्कार. वहिनींना नमस्कार सांग, मुलांना आशीर्वाद. आम्ही इकडे ठीक. होळी झाली आणि ऊन आत्तापासूनच भाजायला लागलं आहे. फोन केला असता, पण या घरात एका खोलीतलं बोलणं दुसऱ्या खोलीत जातं. शिवाय माझा नंबर बघून तू उचलशील की नाही, तेही कळत नाही. म्हणून पत्र.

कोरीटच्या आपल्या ओट्यावर तू मला एक वाक्य शिकवलं होतंस. मी तेव्हा शाळेत होते. तुझा तो जपानी ड्रम पालथा करून मी मांडीत धरला होता, खालच्या तारा भलत्याच खडखडत होत्या, आणि मी म्हटलं होतं की भाऊ, तुलाच वाजवता येत नाही. तू चिडला नाहीस. चावीने एकेक स्क्रू पिळत म्हणालास, “आवाज बिघडना म्हणजे पयले ड्रम देखानं. हात सर्वास्ना शेवटले.”

माझ्या लग्नात तो ड्रम तू यांना देऊन टाकलास, तेव्हा ते वाक्यही माझ्याबरोबर या घरात आलं. गेलं वर्षभर आम्ही दोघं त्या वाक्याच्या मागे चालतो आहोत.

तर आधी ड्रमचंच सांगते. तुला तेवढं तरी वाचावंसं वाटेल.

सुरुवात कड्यापासून केली. कातडं ताणून धरणारं वरचं लोखंडी कडं (कातडं आता प्लॅस्टिकचं असतं, पण आम्ही कातडंच म्हणतो) यांनी सोडवायला सांगितलं आणि स्वयंपाकघरातल्या कडप्प्यावर ठेवून एका बाजूने दाबलं. दुसरी बाजू वर आली. वाकलं होतं. हे एकदम खूश. “इतलंच व्हतं,” म्हणाले. लाकडाचा ठोकळा घेऊन हळूहळू ठोकून सरळ केलं. हातोडी मी चालवली.

मग गुणगुण निघाली. ड्रमवर टिचकी मारली की पोटात माशी अडकल्यासारखा आवाज. ताणाचे स्क्रू ज्या नळकांड्यांत बसतात, त्यांच्या आत बारीक स्प्रिंगा असतात, जुन्या झाल्या की त्या थरथरतात. एकेक नळकांडं उघडून मी कापूस भरला. माशी गेली.

त्यानंतर झिजलेले आटे. त्यासाठी मी नंदुरबारला सुमेरमलशेठच्या हार्डवेअरच्या दुकानात गेले. त्यांनी स्क्रूंचा अख्खा डबा माझ्यापुढे ओतला, एकही बसला नाही. शेठ म्हणाले, ताई, जपानचे आटे आपल्याला नाही जमत, तुम्हीच जाऊन या, येताना मला एक घड्याळ आणा. दुकानातली सगळी हसली, मीही हसले. बरेच दिवसांनी. शेवटी नळाला गुंडाळतात ती पांढरी टेप आट्यांवर गुंडाळली आणि जुनेच स्क्रू घट्ट बसले.

खालच्या तारा ज्या दोरीने बांधलेल्या होत्या, ती एका बाजूने ढिली पडली होती. तू पूर्वी दोरीऐवजी एक्स-रेच्या फिल्मच्या पट्ट्या कापून लावायचास, ते यांना आठवलं. घरात एक फिल्म होती. पट्ट्या मी कापल्या. तारा दोन्हीकडून सारख्या चिकटल्या.

राहिला खटका. वर केला की तारा कातड्याला चिकटतात, खाली पाडला की सुटतात, तो. त्याचे दात झिजले आहेत, वाजवता वाजवता आपोआप घसरतो, असं यांचं म्हणणं. त्याचं पुढे लिहिते.

आमच्या दीपमालाचं लग्न ठरलं. हे खरं तर आधी लिहायला हवं होतं. मुलगा शहाद्याचा, बँकेत आहे, स्वभावाने बरा वाटतो. एप्रिलात, आखाजीच्या आसपासची तारीख आहे. पत्रिका छापून आली की तुला येईल, ती धाडायला यांनीच सांगितलं आहे. मला वाटलं, राग निवळला. मग म्हणाले, “इंद्रसिंगले पत्रिका धाड. त्याले म्हन, पुढे उभा ऱ्हाइसन आयक.”

हळदीच्या संध्याकाळी हे स्वतः वाजवणार आहेत. ऑर्केस्ट्रावाल्यांनाही सांगून आले. ती मुलं आता यांना बोलवत नाहीत. आमच्याकडे ऑक्टोपॅड आलाय काका, ड्रमचा आवाजच लागत नाही, असं सांगतात. चांगली मुलं आहेत. घरच्या लग्नात काका वाजवणार म्हटल्यावर ती एकमेकांकडे बघत राहिली, असं दीपाने मला सांगितलं.

भाऊ, मागच्या वर्षी आपल्या कोरीटला एका लग्नात तू मांडवात सगळ्यांसमोर जे बोललास, ते मला रोज ऐकू येतं. “अमृत, ड्रम चांगला शे. हात गया तुन्हा.” यांनी काठ्या खाली ठेवल्या आणि तू न जेवता सुरतेची गाडी पकडलीस. तेव्हापासून या घरात तुझं नाव निघालं की हे ड्रम खाली काढतात आणि उलटा करून बघायला लागतात.

ती फिल्म कसली होती, ते मी वर लिहिलं नाही. एक्स-रेची नव्हती. यांच्या डोक्याच्या एमआरआयची होती. डावा हात नुसता मांडीवर ठेवला तरी हलायचा, म्हणून चिंचपाड्याच्या दवाखान्यात दाखवलं, तिथून सुरतेच्या मेंदूच्या डॉक्टरांकडे गेलो. होय, सुरतेला. दिवाळीच्या आधी. तुझ्या सोसायटीवरून रिक्षा गेली. तुझ्या गॅलरीत वहिनींची साडी वाळत होती, हिरवी, मी दिलेली. हे दुसरीकडे बघत बसले, आणि मीही रिक्षा थांबवा म्हटलं नाही.

डॉक्टर म्हणाले, फिल्ममध्ये काही वाईट नाही, पण हा आजार फिल्ममध्ये दिसत नसतो. तो चालण्यावरून, हातावरून कळतो. गोळ्यांनी थरथर थोडी कमी होईल, गेलेलं परत येणार नाही, आणि वाढत जाईल. यांनी त्यातलं पहिलं तेवढं ऐकलं. बसमध्ये फिल्म उजेडाकडे धरून मला दाखवली, बघ, काही नाही. घरी आल्यावर तिच्याच पट्ट्या मला कापायला लावल्या.

तू शिकवलेल्या क्रमाने आम्ही गेलो. एक चूक झाली, ती मला फार उशिरा कळली. पूर्वी त्या ड्रमचा खडखडाट, गुणगुण, घसरणाऱ्या तारा, या सगळ्यात यांचा हात लपायचा. आम्ही ते सगळं एकेक करून काढलं. ड्रम आता इतका स्वच्छ बोलतो की उजवी काठी एकदा पडते आणि डावी एकाच्या जागी दोन-तीनदा पडते, ते अंगणात उभ्या असलेल्या माणसालाही कळतं. शेजारच्या रमिलाबाई परवा म्हणाल्या, भाऊजी हल्ली वेगळंच काही वाजवतात. वेगळंच, म्हणाल्या. त्यांनाही दुसरा शब्द सापडला नाही.

म्हणून मी एक केलं. हे नीट झालेला ड्रम कोनाड्यात ठेवायचे. मी धूळ पुसायच्या निमित्ताने खटक्याचा स्क्रू अर्धा फेरा सैल करायची. संध्याकाळी हे वाजवायला बसायचे आणि मधेच तारा सुटून ड्रमचा आवाज बोदा व्हायचा. हे काठ्या थांबवून मला हाक मारायचे. “देख, खटका परत सरकस. मी काय सांगस तुले?” भाऊ, तेव्हाचा यांचा चेहरा तू बघायला हवा होतास. पोराचा ताप उतरल्यावर बापाचा होतो तसा. मग चहा मागायचे, तू चिडलास तेव्हाचे जुने किस्से सांगायचे, आणि त्या दिवशी जेवण नीट जायचं. त्या चेहऱ्यासाठी मी तो स्क्रू हिवाळाभर सैल करत राहिले.

मागच्या आठवड्यात यांनी दीपाची लाल नेलपॉलिश मागून घेतली. स्क्रू घट्ट करून डोक्यावर तिचा ठिपका दिला की तो वाजवताना फिरत नाही, असं कुणीतरी मोबाइलवर दाखवलं म्हणे. मी म्हटलं, द्या, मी लावते. नको म्हणाले. वर्षभरात पहिल्यांदाच ड्रमचं काही काम स्वतः करायला बसले. दीपा आणि मी स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होतो. एक ठिपका द्यायचा होता. लाल रेघ स्क्रूवरून घसरून खटक्यावर, तिथून ड्रमच्या अंगावर पार खालपर्यंत गेली. पुन्हा प्रयत्न केला, पुन्हा तसंच. यांनी ब्रश उजेडात धरून पाहिला. दीपाला म्हणाले, “ब्रश खराब शे.”

दीपा हो म्हणाली. पप्पा, जुनाच आहे तो, म्हणाली. आणि आत जाऊन रडली.

पॉलिश वाळली. आता स्क्रू फिरवला तर ती तडकेल आणि यांना कळेल. खटका घसरत नाही. ड्रममध्ये बिघडलेलं काही उरलेलं नाही, आणि हळदीला हे त्या ड्रमसमोर उभे राहणार आहेत. व्याही, यांच्या शाळेतली माणसं, सगळी पुढे असतील. तूही असशील.

हात बरा होणार नाही, हे मला माहीत आहे. तेवढं मी मागत नाही. त्या एका संध्याकाळी सगळ्यांसमोर यांना ते कळू नये, एवढंच.

आता जे मागायचं ते मागते. मामा म्हणून तू हळदीलाच ये. वाजवायच्या आधी ड्रम हातात घे. तुझ्या हातून हेही तो काढून घेणार नाहीत. उलटा कर, खटका दोनदा वर-खाली कर, तू नेहमी करायचास तसा. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हण, “खटका घसाई गया अमृत. हाऊ ड्रम आते कामना नही.”

हे फक्त तूच म्हणू शकतोस. बाकी कुणाचं यांना पटणार नाही. ज्याने हात गेला म्हटलं, त्यानेच ड्रम गेला म्हणायला हवं.

तू नाही म्हणशील. आईने दवाखान्यात विचारलं होतं, मी घरी जाईन ना रे, तेव्हा आम्ही सगळे हो म्हणालो आणि तू नाही म्हणालास. त्यानंतर ती शांत झाली, असं तू अजून म्हणतोस. मला ती गप्प झालेली आठवते. तुला खोटं बोलता येत नाही, हे मी लहानपणापासून अभिमानाने सांगत आले, आणि आता तेच तुझ्याकडे मागते आहे.

खोटं वाटत असेल तर असं समज. तुझ्याच क्रमाने जा. कडं बघ, स्प्रिंगा बघ, तारा बघ, खटका बघ. फक्त शेवटच्याच्या आधी थांब, भाऊ.

थांबशील?

तुझी,
रुपा