वेशीपासून साठ पावलं

नाशिक, ता. १० जानेवारी १९३७

ती. कारभारीदादास,
सगुणाचा शि. सा. न. वि. वि.

मी खुशाल आहे. आईची कंबर कशी आहे ते कळव. बोर्डिंगात येऊन सहा महिने झाले. फायनलची परीक्षा एप्रिलअखेर आहे आणि मला दशांश अपूर्णांक येऊ लागले आहेत. बाई म्हणाल्या की सव्वीस वर्षांच्या विधवेला हे जमतं, तर पोरींना लाज वाटली पाहिजे. तू हसशील, ठाऊक आहे.

दादा, आता कामाचं लिहिते. चैत्री पौर्णिमेला भैरोबाची जत्रा येईल. मागच्या वर्षी देवळाच्या कोटाच्या वेशीत चेंगराचेंगरी झाली आणि चार माणसं मेली. त्यांत माझं कुंकू गेलं. लोक म्हणतात देवाचा कोप. वरच्या आळीच्या पुंजानं मारामारी काढली म्हणून झालं, असं तू म्हणतोस आणि मीही त्याला दररोज शाप देते. पण शाप देऊन वेस रुंद होत नाही. तू जत्रेच्या पंचांत आहेस. मला तीन गोष्टी मोजून पाठव. बाजारच्या दिवशी वेशीतून एका मिनिटात किती माणसं बाहेर पडतात, पाच वेळा मोज. जत्रेला कोटात साधारण किती माणूस जमतं ते जुन्या पंचांना विचार. आणि मागच्या वर्षी कोणाला लागलं, तो वेशीपासून किती पावलांवर सापडला, घरोघर जाऊन लिहून आण.

आईला माझा नमस्कार सांग. माया आहे तशीच ठेव, एवढंच मागते.

तुझी,
सगुणा


साळवाडी, ता. २ फेब्रुवारी १९३७

चि. सगुणेस अ. उ. आ.

तुझ्या शाळेनं मला कामाला लावलं. शौकत मणेराचं खिशातलं घड्याळ घेतलं आणि वेशीपाशी हरभऱ्याचे दाणे घेऊन बसलो. माणूस गेलं की दाणा टाकायचा. लोक म्हणाले कारभारीला वेड लागलं. आकडे असे पडले: ३८, ४१, ३६, ४०, ३७. भागाकार शाळामास्तरांकडून करून घेतला, तर ३८.४ आले. आता तू सांग, हे शून्य पूर्णांक चार माणूस म्हणजे त्याचं काय बाहेर पडलं, मुंडकं की टांग?

जत्रेला सहा हजार माणूस असतं असं जुने पंच म्हणतात. लागलेल्यांची यादी सोबत आहे, सव्वीस नावं. तेवीस जायबंदी, तीन मेलेले. कोणाच्या बरगड्या, कोणाचा खुबा. भागीबाईचा डोळा गेला तो गेलाच. हिंडताना लय जिवावर आलं.

वरच्या आळीत गेलो तेव्हा पुंजानं दारातच कुऱ्हाड उगारली. दिवाळीत आपल्या पोरांनी त्याच्या धाकट्या भावाला नदीत गाठून गुडघा फोडला होता, तुझा धनी फकिरा गेला त्याचा सूड म्हणून. तो आता कुबडीवर चालतो. पुंजा म्हणाला, आणखी एक पाऊल टाकलंस तर तुझं नाव तुझ्याच यादीत घाल. मी मागं फिरलो. त्यांच्या आळीतली नावं शौकतभाईनं विचारून आणली. बांगड्या भरायला बायका त्याला घरात घेतात.

आई बरी हाय. लोभ वाढता राहो.

तुझा दादा,
कारभारी


नाशिक, ता. १८ फेब्रुवारी १९३७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

मुंडकंही नाही आणि टांगही नाही. दहा मिनिटं मोजलंस तर तीनशे चौऱ्याऐंशी माणसं पडतील, एवढाच त्याचा अर्थ. आता हसू नकोस, नीट वाच.

सहा हजारांना ३८.४ नं भागलं की १५६.२५ येतात. म्हणजे कोट रिकामा व्हायला अडीच तासांहून जास्त लागतात. आणि आपल्याकडे मानाची काठी उठली की सगळे एकदम वेशीकडे धावतात, कारण वरची आळी पुढे की खालची, हे बघायचं असतं. दादा, मारामारी झाली नसती तरी कधी ना कधी कोणीतरी मेलंच असतं. पुंजा असो वा नसो.

कोटाची मागची भिंत पाडायला हवी. वेशीच्या तिप्पट खिंडार केलं, तर दोन्ही वाटांनी मिळून मिनिटाला १५३.६ माणसं जातील आणि एकोणचाळीस मिनिटांत कोट मोकळा होईल. भिंतीला लागून पुंजाचा गोठा आहे, हे मला माहीत आहे. तरी त्याला विचारा. दोन आळींच्या काठ्या तासाच्या अंतरानं उठवा. कोटात लाठी, फरशी, कुऱ्हाड काही नको.

यादीतल्या सव्वीस जणांची पावलं मिळवली तर १६९ होतात, सरासरी साडेसहा. सगळ्यांत लांबचा चौदा पावलांवर. म्हणजे वेशीचं तोंडच जीव घेतं, हे उघड आहे. पण जायबंदी आणि मेलेले मिळून सत्तावीस होते. यादीत ह्यांचं नाव नाही. मला वाईट वाटेल म्हणून गाळलंस ना? गाळू नकोस. मला पुरी यादी हवी.

आईची काळजी घे. तुझ्या मायेत मला कधी उणं पडलं नाही, पुढेही पडू नये.

सगुणा


साळवाडी, ता. ७ मार्च १९३७

चि. सगुणेस अ. उ. आ.

पंचांची बैठक देवळात झाली. मी तुझा कागद वाचला. मास्तर म्हणाले हिशेब बरोबर हाय. पुंजा उठला आणि म्हणाला की एका रांडमुंडीच्या आकड्यांवर माझा गोठा उघडा पडणार नाय. ते ऐकून आपल्या आळीतल्या दोघांनी त्याच्यावर झेप घेतली. देवापुढची समई उचलून एकानं त्याच्या कपाळावर मारली. तेल आणि रक्त एक झालं. त्यांच्यातल्यानं दगड घातला तो माझ्या खांद्यावर बसला. मी कुणाला आवरलं नाही. खरं लिहितो, मला बरं वाटलं.

भिंतीचं काही ठरलं नाही.

फकिराचं काय विचारतेस? तो वेशीतच होता, सगळ्यांसारखा. पावलं लिहायची तर पाच लिही. गेलेल्या माणसाचं मोजमाप कशाला? तू परीक्षेकडे लक्ष दे. आई तुझी वाट बघते.

लोभ राहू दे.

कारभारी


नाशिक, ता. २० मार्च १९३७

ती. दादास शि. सा. न. वि. वि.

काल शौकतभाई आणि मेहरुन्निसाभाभी बांगड्यांचा माल घ्यायला नाशकात आले होते. आईनं दिलेल्या शेवया द्यायला बोर्डिंगात आले. भाभींनी मला जवळ घेतलं आणि रडल्या. बोलता बोलता शौकतभाई म्हणाले की फकिरादादा कोटातल्या माझ्या दुकानामागे लिंबाखाली पडले तेव्हा मी वळून बघितलं, पण तितक्यात गर्दी उधळली.

मी विचारलं, लिंबाखाली? तो लिंब वेशीपासून किती लांब? ते म्हणाले साठ पावलं तरी असेल. मी विचारलं, आधी ते पडले की आधी गर्दी उधळली? ते म्हणाले, आधी ते पडले. डोक्यातून रक्त येत होतं. तुमचे दादा त्यांना उचलून वेशीकडे नेत होते. मला वाटलं गाडीत घालून सिन्नरला नेतील. त्या भल्या माणसाला आपण काय बोललो हेही कळलं नाही.

दादा, साठ हा आकडा घातला की सव्वीस जणांची साडेसहाची सरासरी एकट्या माणसापायी ८.४८ वर जाते. असा आकडा आला की बाई म्हणतात, त्याच्याकडे परत बघा, एक तर तो चुकीचा आहे किंवा त्याची गोष्ट वेगळी आहे. चेंगरलेल्याच्या बरगड्या मोडतात. ह्यांच्या बरगड्या शाबूत होत्या. शेवटची आंघोळ मी घातली आहे, मला ठाऊक आहे. फुटलं होतं ते डोकं. मागून.

मी रात्रंदिवस पुंजाला शिव्या दिल्या. तू ऐकत होतास. तू कुठे होतास, दादा? ते सांग.

सगुणा


साळवाडी, ता. १ एप्रिल १९३७

सगुणे,

आशीर्वाद लिहायला हात होत नाही.

काठी उठायच्या आधी लिंबाखाली पुंजाशी माझी जुंपली. त्यानं मला शिवी दिली, मी त्याच्या तोंडावर ठोसा मारला, त्याचे दोन दात पडले. मग आळीची माणसं धावली. माझ्या हातात कुऱ्हाडीचा दांडा होता. पुंजा खाली पडला होता आणि मी त्याला मारत होतो. तो निपचित पडला तरी मारत होतो. तेवढ्यात मागून कोणीतरी माझी कंबर धरली. मला वाटलं त्यांचाच माणूस. मी मागं न बघता दांडा फिरवला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला. वळलो तर फकिरा. मला सोडवायला आला होता. त्याचे ओठ हलले, दादा म्हणाला की नुसता श्वास होता, ते मला अजून कळत नाही.

दांडा कोणाचा लागला ते त्या झोंबाझोंबीत कुणी बघितलं नाही. बायका किंचाळल्या, खून खून म्हणून लोक पळाले आणि वेशीत तुंबले. सगुणे, ती चेंगराचेंगरी माझ्या दांड्यानं झाली. मी त्याला उचलून वेशीपाशी नेलं. तिथं माणसांवर माणसं पडत होती. तो ढीग बघितला आणि फकिराला त्यांच्यात टाकला. तो तेव्हा मेला होता, हे मी भैरोबाची आण घेऊन सांगतो. तेवढं तरी खरं धर.

पुढं सगळ्यांनी पुंजाला दोष दिला आणि मी मान हलवली. त्याच्या भावाचा गुडघा फोडला तेव्हाही मी गप्प होतो. तुझा आकडे मागणारा कागद आला तेव्हा वाटलं, नाही म्हणावं. पण नाही म्हणालो असतो तर तू विचारलं असतंस, का.

आईला माहीत नाही. तू सांगशील तसं करीन.

कारभारी


नाशिक, ता. ६ एप्रिल १९३७

दादास,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मी वर्गातली पाटी भिंतीवर आपटून फोडली. हाताला काच रुतावी तसा पाटीचा तुकडा रुतला आहे. तू समोर असतास तर तुझ्या डोक्यात घातली असती. हे रागानं लिहीत नाही, खरं म्हणून लिहिते.

तू विचारलंस काय करू. तीन कामं कर. आधी पुंजाकडे जा आणि त्याला सांग. मग जत्रेत सगळ्यांपुढे सांग. मग सिन्नरला फौजदाराकडे जा. आणि जत्रा मात्र मी लिहिली तशीच व्हायला हवी. भिंत पडली पाहिजे. तू बोलशील तेव्हा दगड उडतील आणि सहा हजार माणसं त्याच वेशीकडे धावतील. तू मोकळा व्हावास म्हणून आणखी चार बायकांची कुंकवं पुसली जाऊ नयेत.

आईला मी कळवणार नाही. ते तुझ्या तोंडून कळू दे.

सगुणा


सिन्नर, ता. २८ एप्रिल १९३७

चि. सगुणेस,

अक्षर डाव्या हाताचं आहे, लावून वाच. कचेरीच्या कोठडीतून लिहितो.

पुंजाकडे गेलो. उंबऱ्याबाहेर उभा राहून सगळं सांगितलं. त्याचा भाऊ कुबडी टेकून ऐकत होता. पुंजा आत गेला, पहार घेऊन आला आणि माझ्या उजव्या मनगटावर घातली. हाड बाहेर आलं. मी पडलो तशा लाथा घातल्या. मग दमला आणि माझ्या शेजारीच मातीत बसला. म्हणाला, वर्षभर माझी बायको पाण्याला गेली की बाया बादल्या उचलून निघून जात होत्या. मग पहार बाजूला ठेवून म्हणाला, हे सगळं जत्रेत देवळापुढं बोलणार असशील तर भिंत पाडतो. दुसऱ्या दिवशी त्याच पहारीनं त्यानं भिंत आपल्या हातानं पाडली, गोठ्यातली गुरं हलवली. वेशीच्या तिप्पट खिंडार, दोरीनं मापून.

जत्रेला कोट भरला. शौकतभाई घड्याळ घेऊन खिंडारापाशी बसला. वरच्या आळीची काठी उठायच्या आधी मी देवळाच्या पायरीवर चढलो आणि बोललो. तू लिहिलंस तसंच झालं. मग आपल्याच आळीतून पहिला दगड आला. ज्यांनी फकिराच्या नावानं दुसऱ्याचा गुडघा फोडला होता, त्यांना तोंड दाखवायला जागा उरली नव्हती. त्यांनी मला पायरीवरून ओढलं. वरच्या आळीचे मध्ये पडले, आणि मग कोण कोणाला मारतंय ते कळेना. हत्यारं वेशीवरच काढून घेतली होती, म्हणून दगड, वहाणा, पाळण्याच्या फळ्या. एकाचा कान तुटला. माझे पुढचे दात गेले.

लोक धावले. मी खाली पडल्या पडल्या बघत होतो. अर्धे वेशीकडे, अर्धे खिंडाराकडे. कोणी तुंबलं नाही. त्रेचाळीस मिनिटं लागली असं शौकतभाई म्हणाला. तू एकोणचाळीस लिहिली होतीस. नऊ डोकी फुटली. मेलं कोणी नाही, सगुणे. एकही नाही.

आई पायरीजवळच बसली होती. गर्दी गेल्यावर ती उठली, माझ्यापाशी आली, पदरानं माझ्या तोंडावरचं रक्त पुसलं आणि घरी गेली. संध्याकाळी मी फौजदारांपुढं हजर झालो.

काही मागत नाही.

कारभारी


साळवाडी, ता. ९ मे १९३७

ती. दादास,

परीक्षा देऊन आठ दिवसांपूर्वी घरी आले. फौजदारांनी जबानीला बोलावलं होतं. तू माझ्या नवऱ्याला मारलंस, हे मी सांगितलं. मारायचा हेतू नव्हता, हेही सांगितलं. आणि तू वर्षभर लपवलंस, हेही. त्यांनी विचारलं की भावासाठी काही कमी करू का. मी म्हणाले कमी करू नका आणि जास्तही लिहू नका.

पुंजाची बायको विहिरीवर भेटली. मी तिची घागर उचलून तिच्या डोक्यावर दिली. जत्रेच्या पंचांनी पुढच्या वर्षीची आखणी माझ्याकडून मागितली आहे. करीन.

आई दिवसभर तुझं नाव घेत नाही. पण ताट वाढताना दोन वाढते आणि मग एक उचलून ठेवते. एक माझं आणि दुसरं तुझं की ह्यांचं, हे मी तिला विचारलेलं नाही.

मनगटाला हळदीचा लेप लावू देतात का? दिलं तर लाव.

लोभाविषयी आज मला काही लिहिता येत नाही. पत्राला उत्तर मात्र पाठव.

सगुणा