त्सोनाकाकूंच्या कौतुकाचा कागद

प्रिय दोब्रिंका मावशीस,

तुझ्या लाझारचा वाकून नमस्कार. तुझा गुडघा, तुझं मांजर आणि तुझा तो शेजारी (अजून पहाटे तुतारी वाजवतो का?) हे तिघंही ठीक असतील असं धरून चालतो. मी मजेत आहे. सोमवारी दुपारच्या बसने तुझ्याकडे कायमचा येतोय, तेव्हा स्वयंपाकघरातल्या कोचावर अंथरूण घालून ठेव. ही बारावी नोकरी. तू म्हणशील, लाझारच्या पायाला भिंगरी आहे. असेल. पण या वेळी कारण भिंगरी नाही, एक कागद आहे.

इथल्या चटणीच्या कारखान्यात भाजलेल्या मिरच्या सोलणाऱ्या सहा बायकांवर मालकाने मला मुकादम नेमलं, कारण नव्या यंत्राचं माहितीपत्रक वाचायला दुसरं कुणी तयार नव्हतं. (मीही चित्रंच पाहिली.) इतकी वर्षं या बायका एका मोठ्या टबाभोवती बसून सोलायच्या. यंत्राचा सरकता पट्टा आला तो भिंतीला लावला आणि सहाही जणी एकीमागे एक अशा रांगेत उभ्या केल्या. काम निम्म्यावर आलं. काय होतंय म्हणून विचारलं, तर एकीची पाठ धरलेली, दुसरीला दारातून वारा लागतो, तिसरीला पट्ट्याचा आवाज सोसत नाही. मालक म्हणाला, महिनाअखेर जमलं नाही तर सोललेल्याच मिरच्या विकत आणीन, तुम्ही सातही जण घरी बसा. आणि माणसं सांभाळायला शिकावं म्हणून त्याने मला दोन दिवस प्लोव्दिवला शिबिराला धाडलं. (जेवण उत्तम. नदीकाठी एक म्हातारा एका बगळ्याला नावाने हाक मारत होता, बगळा ढिम्म.) तिथे सांगितलं, कौतुक चारचौघांत करा, चूक एकट्याला गाठून सांगा, आणि आधी ऐकून घ्या. मी कौतुकापर्यंत लिहून घेतलं, मग बगळा बघायला गेलो.

सगळ्यांत अडून बसलेल्या त्सोनाकाकू, म्हणून सुरुवात त्यांच्यापासून. हजेरीच्या कार्डावरचा फोटो घेतला, खाली लिहिलं, ‘एकतीस वर्षं. एकाही मिरचीवर साल राहिली नाही. हे हात आम्ही विसरणार नाही.’ छपाईवाल्या बाईने हळहळत कागद घेतला, आपल्याच मनाने काळी चौकट घातली. मला ती भारदस्त वाटली. रविवारी कारखान्याच्या फाटकावर चिकटवून आलो. फोटो, नाव आणि चार गोड ओळी भिंतीवर दिसल्या की माणूस गेलं, हे आपल्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. पण माझ्या डोक्यात शिबिर होतं.

सोमवारी सकाळी फाटकाशी अर्धा गाव, हातात मयताला नेतात तशी जोडीजोडीने फुलं, कुणी तर गेलेल्याच्या नावाने वाटायचे गोड गहू शिजवून आणलेले. त्सोनाकाकू नेहमीसारख्या मागच्या दाराने कामावर आलेल्या. मी धावत जाऊन त्यांच्यापाशी कबुली दिली. काकू पहारेकऱ्याच्या खोलीत खिडकीआड बसल्या आणि म्हणाल्या, "गप्प बस. हे ऐकायला एरवी मिळत नाही." बेकरीवाला सांगत होता, ही बाई रोज माझ्या पावाला नावं ठेवायची, म्हणून तर पाव खाण्यालायक झाला. काकू माना डोलावत होत्या. मग राइना बोलली. एकतीस वर्षं टबाच्या पलीकडे काकूंच्या समोर बसलेली ती. "तीन आठवडे मला तिची नुसती मानगूट दिसली," ती म्हणाली. "तोंड बघायचं राहून गेलं गं."

काकू बाहेर आल्या. "बघ मग."

राइनाने हातातली फुलं आधी त्यांच्या डोक्यात हाणली, मग गळ्यात पडली. गहू सगळ्यांनी मिळून संपवले.

त्याच दुपारी आम्ही पट्टा ओढून खोलीच्या मधोमध आणला. तिघी इकडे, तिघी तिकडे, समोरासमोर, बुडाखाली स्टूल. आज गुरुवार, आणि काम टबाच्या दिवसांपेक्षा जास्त निघालंय. पाठीचं कुणी नावही काढत नाही. मालक म्हणतो, यंत्र चांगलं आहे.

मग काकूंनी मला एकट्याला गाठलं. (शिबिराला न जाता यांना हे येतं.) "लाझार, कौतुक बरं होतं. पण आम्हाला काय होतंय हे तू उभ्याउभ्या विचारलंस. जेवतोससुद्धा उभ्याने, खिडकीकडे तोंड करून. ज्याचे पाय दाराकडे, त्याला खरं कोण सांगेल बाळा?"

मावशी, हे मला बारा ठिकाणी कुणी सांगितलं नव्हतं. पट्ट्यावरून हसण्याचा आवाज येतो, मी शेजारच्या खोलीत बरण्यांना झाकणं लावतो. घरी गेलं की बोलायला फक्त फ्रीज, तोही तुटक बोलतो. सहा स्टुलं, सहा बायका, हिशेब बरोबर आहे. काम मार्गी लागलं, आता माझी इथे गरज नाही. पिशवी भरलीय.

तुझा लाझार

ता. क. कोच अरुंद पडत असेल तर जमिनीवरही झोपेन.

ता. क. पत्र टाकायला निघालो, तर पट्ट्याच्या टोकाला मिरच्यांचा एक क्रेट स्टुलासारखा उपडा घातलेला. त्याच्यावर वर्तमानपत्र, पाव आणि चीजचा तुकडा. कुणाचं म्हणून विचारलं. राइना मान वर न करता म्हणाली, "जो उभ्याने जेवतो त्याचं." मी म्हटलं, मला काम आहे. मग कारण नसताना तीनदा तिथून गेलो. क्रेट तसाच होता.

ता. क. (शेवटचं) अंथरूण एवढ्यात घालू नकोस. उद्या जेवणाच्या सुटीत जाऊन बघतो. सोमवारच्या बसमधून मी उतरलो नाही, तर बसलोय असं समज.