मकरंदच्या नावावर अठरा अंश

सोमवार, १२ जाने.

सकाळी म. ने नेहमीप्रमाणे सगळ्या खिडक्या सताड उघडल्या. दहा मिनिटं. बाहेर उणे चार. लग्नाला सोळा वर्षं झाली, त्यातली अकरा इथे झिंडेलफिंगेनमध्ये, आणि नवरा माझ्या आधी जर्मन झाला. "घराला श्वास घेऊ दे," म्हणे. घर घेतं श्वास, आमचा कोंडतो. सासूबाई शाल, स्वेटर, कानटोपी अशा थाटात बैठकीच्या खोलीत हीटरला पाठ लावून बसलेल्या. नाशिकहून येऊन त्यांना आज महिना झाला.

"आई, थंडी वाजतेय का?"

"छे गं, मला कुठली थंडी."

हात मात्र मांड्यांखाली.

माझी ऑफिसची खोली त्यांना दिली, त्यामुळे माझं टेबल आता बैठकीच्या खोलीत. म. प्लांटमध्ये, लेक रेवा शाळेत, मी घरून काम करते. म्हणजे दिवसभर आई आणि मी, एक खोली, एक हीटर. त्यांना ऊब हवी आणि मी आतून पेटलेली. वयाचं सत्तेचाळीस संपत आलं, पाळी जायचे दिवस. मीटिंग चालू असताना मानेवरून घाम ओघळतो. डॉक्टरांची तारीख मार्चमधली. तोवर काय करायचं ते फोनवरच्या बाईने सांगितलं नाही.

बुधवार, १४ जाने. संक्रांत

वड्या बिघडल्या, पाक पुढे गेला. आईंनी त्याच्या पोळ्या केल्या आणि एका शब्दाने बोलल्या नाहीत.

म. ने सकाळी टेबलावरच फोन काढला आणि हीटर एकोणीसवरून बावीसवर नेला. "खास आईसाठी." एकोणीस म्हणजे त्याचं तत्त्व, तेही त्याने सोडलं. हिवाळ्याआधी त्यानेच सगळ्या हीटरना नवी बटणं बसवली, फोनवरून चालणारी. खातं एकच, त्याच्या नावाचं. माझ्या फोनवरही तेच घालून दिलं. "दोन खाती कशाला? आपण काय वेगळे आहोत?" आपण वेगळे नाही. गेनाऊ, अगदी बरोबर.

अकराला माझ्या अंगातून जोरात गरम झळ आली. खिडकी उघडावी तर आई समोर. फोनवरून अठरा केलं. फक्त अर्ध्या तासासाठी.

मग विसरले. विसरले असं लिहिते आहे.

शनि. १७

दही लागत नाहीये. आई विरजणाचं भांडं हीटरच्या वरच्या खिडकीत ठेवतात, टॉवेलात गुंडाळून. आज तिसरा दिवस, दूध तसंच्या तसं. "इथलं दूधच वेगळं असेल," म्हणाल्या. मी पण म्हटलं, असेल.

गेले तीन दिवस रोज अकराला अठरा, चारला परत बावीस. आज म. घरी, म्हणून हात लावला नाही. दुपारभर डोकं तापलेलं. म. टी-शर्टात, खूश. "बघ, आई कशी खुलली."

खुलल्या होत्या खऱ्या. कानटोपी काढून रेवाला पत्ते शिकवत होत्या.

मंगळ. २०

रेवा शाळेतून लवकर आली, घसा दुखतोय. आल्या आल्या, "मामा, मीर इस्ट काल्ट." म्हणजे, आई, मला थंडी वाजतेय. मी मीटिंगमध्ये, कानात हेडफोन. तिने टॅबलेट उघडला, हीटरचं पान काढलं आणि आजीला दाखवलं. "पापा वार्स." म्हणजे, पापाने केलं.

आईंना जर्मन येत नाही, पण बत्तीस वर्षं वीज मंडळात नोकरी केलीय, तक्ता वाचता येतो. ११:०७, अठरा अंश, मकरंद. कालचा दिवस, तेच. शुक्रवारचा, तेच.

"ऑफिसात बसून करतो हे?" आईंनी विचारलं.

"या," रेवा म्हणाली, म्हणजे हो.

"सकाळी आमच्यासमोर वाढवतो, आणि गेला की कमी करतो?"

रेवाने खांदे उडवले. आईंनी टॅबलेट हळूच उपडा ठेवला.

माझा माइक बंद होता. तोंड उघडलं असतं तर तिकडे कुणालाही ऐकू गेलं नसतं. मी मान हलवत पडद्यावरच्या माणसांकडे बघत राहिले.

गुरु. २२

म. आज लवकर आला, मी बावीस करायच्या आत. घर थंड लागलं. फोन न बघता सरळ आईंकडे गेला. हसत म्हणाला, "आई, तूच बंद करतेस ना? वीज मंडळ अंगातून जात नाही तुझ्या. अगं, लागू दे जरा जास्त."

नाशिकच्या घरी रिकाम्या खोलीत पंखा फिरताना दिसला तर अर्ध्या जेवणातून उठणारी बाई. त्यामुळे म. ला दुसरी शंका यायचं कारणच नाही. मायेने म्हणाला बिचारा.

नंतर आई ओट्यापाशी माझ्या शेजारी येऊन मेथी निवडता निवडता म्हणाल्या, "करून सवरून वर मलाच विचारतो. लहानपणी असा नव्हता गं."

आता तरी बोलायला हवं होतं. अहो आई, मला घाम फुटतो, मी कमी करते, बस. दहा शब्दसुद्धा नाहीत. पण मग आठवडाभर का लपवलं, ते आलंच. आणि सासूला थंडीत बसवणारी सून व्हायचं. आईंनी गावभर माझं कौतुक केलंय. खोटं का असेना, ते कौतुक सोडवत नाही.

"त्यांच्या डोक्यात सतत कामाचं असतं," एवढंच म्हणाले.

मंगळ. २७

आउसलेंडरबेहोर्डेची, म्हणजे परदेशी लोकांच्या व्हिसा-कचेरीची, तारीख मिळाली, सोमवार ९ फेब्रु. आईंना कायमचं इथे आणता येतं का ते विचारायला म. जाणार. फाइल तयार, कप्पे रंगीत. "फक्त तिचं हो पाहिजे. मी बोललो की लाजून नाही म्हणेल, तू विचार."

माझं हो? ते त्याने धरूनच चाललंय. विचारलं असतं तरी मी हो म्हटलं असतं, तो भाग वेगळा.

बाबा गेल्यापासून आई नाशिकला एकट्या. ऑगस्टमध्ये न्हाणीघरात पडल्या, शेजारच्यांना कळायला दुपार झाली. तेव्हापासून म. ला फोन वाजला की धस्स होतं. सगळं समजतं मला. त्या वाईट असत्या तर सोपं होतं. भांडून मोकळी झाले असते. पण त्या माझी ओढणीसुद्धा घडी करून ठेवतात, आणि मी एकटी बसायला म्हणून तळघरात धुण्याच्या मशीनपाशी जाते.

थकले आहे. एवढंच कारण आहे की अजून काही, माहीत नाही.

शुक्र. ३०

लिहू की नको.

आज मला गरम होत नव्हतं. सकाळपासून अंग गार होतं, मीच स्वेटर घातला होता. आई समोर बसून सिरियल बघत होत्या. ९ तारीख डोक्यात आली आणि मी फोन घेतला. सतरा.

त्यांनी थोड्या वेळाने हीटरला हात लावून पाहिला. मग शाल जरा ओढून घेतली. मी पाहिलं आणि पुढची ईमेल उघडली.

बुध. ४ फेब्रु.

आईंना खोकला. म. ने गरम पाण्याची पिशवी भरून आणली, टॉवेलात गुंडाळून. "ठेव तिथे," म्हणाल्या. घेतली नाही. तो तिथेच उभा राहिला, मग ठेवली.

नंतर मला म्हणाला, "आईचं काय बिनसलंय? माझ्याशी नीट बोलतही नाही गं." बावन्न वर्षांचा माणूस, पण चेहरा पार उतरलेला.

मी म्हटलं, "वय झालंय त्यांचं."

हे वाक्य लिहिताना हात थांबला. पण म्हणाले खरी.

गुरु. ५

बावीस. दिवसभर बावीस. मी फोन बेडरूममध्ये ठेवून आले. दोनदा बाल्कनीत जाऊन उभी राहिले, ब्लाउज पाठीला चिकटलेला. समोरच्या म्हाताऱ्या जर्मन बाईने हात केला. तिला वाटलं असेल, काय ही काटक बाई.

आईंना चहा दिला, आलं जास्त घालून. म्हणाल्या, "आज बरं आहे घर." मग चहा फुंकत, "विसरला वाटतं आज."

शुक्र. ६

दुपारी आईंनी हाक मारली. खोलीत पलंगावर पासपोर्ट आणि तिकीट. तिकीट मार्चचं आहे, पण अलीकडचं मिळतं का बघ म्हणाल्या.

मी म्हटलं, "अहो आई, म. तुम्हाला कायमचं..."

"माहितेय मला. रेवाने सांगितलं, सोमवारी जाणार आहे." माझा हात हातात घेतला. "मुग्धा, त्याने त्याच्या घराची एक पद्धत बसवलीय. त्याला माझ्यासमोर पाळवत नाही आणि पाठीमागे पाळल्याशिवाय राहवत नाही. चिडले नाही मी. पण पोटच्या पोराने चोरून गारठवायचं, आणि मी ते कायमचं बघत बसायचं, हे नको. नाशिकला पडले तर पडले."

त्यांनी दुसराही हात घेतला, दोन्ही आपल्या तळव्यांत धरून ठेवले.

"किती उबदार हात गं तुझे. तू होतीस म्हणून इतके दिवस काढले."

मग म्हणाल्या, "तूच सांग त्याला. मी बोलले तर तोंडातून भलतंच जाईल, आणि ते त्याच्या जन्माला पुरेल. सोमवारच्या आत सांग."

हो म्हणाले.

शनि. ७

म. आणि रेवा सायकली घेऊन पाव आणायला गेलेत. निघताना म. ने विचारलं, "आईशी बोललीस?" म्हटलं, "या जाऊन, मग बोलू." त्याचा चेहरा लगेच उजळला. त्याला वाटलं, चांगलं काही असणार. जाताना त्याने फाइल टेबलावर काढून ठेवली.

वीस मिनिटं लागतात त्यांना. पंधरा झाली.

आईंनी निरोप दिलाय तो तसाच सांगितला तर: आई चाललीय, तुझ्यामुळे. तो मोडून पडेल. नाकबूल करेल, त्या मानणार नाहीत, पानभर त्याचंच नाव आहे. दोघं आयुष्यभर एकमेकांना समजून घेत राहतील, चुकीचं. आणि मला माझी खोली परत मिळेल.

खरं सांगितलं तर आई राहतीलही कदाचित. माझ्याच समोर, रोज, सगळं माहीत असलेल्या.

आत आई खोकल्या. दार लोटलेलं आहे. हीटर बावीसवर आहे, मी हात लावलेला नाही, तरी कपाळावर घाम.

खाली सायकलींचा आवाज. रेवा हसतेय. म. जिना चढताना शीळ घालतो, तशी घालतोय.

बेल वाजली. किल्ली विसरला वाटतं. आई आतून म्हणाल्या, "मुग्धा, दार."