तीन मीटर बाजूला

२ फेब्रुवारी, सोमवार

पोचलो एकदाचे. टेम्पोतून सामान उतरवताना आरसा फुटला नाही, कुकरचं झाकण हरवलं नाही आणि नवरोबा एकदाही चिडला नाही. याहून शुभ सुरुवात कुठली असणार? क्वार्टर छोटंसं आहे. पुढची खोली ऑफिस, मागच्या दोन खोल्या घर. म्हणजे मला कामाला जायचं तर एक उंबरठा ओलांडायचा. मागच्या दारातून थेट डोंगर दिसतो, आणि त्या डोंगरातल्या पायवाटा मोजायला आम्ही आलोय. तो चालणार, मी नकाशा काढणार. लग्नाला सहा वर्षं झाली आणि आज पहिल्यांदाच दोघांना एका जागी नोकरी मिळाली.

खरं कारण इथे लिहायला हरकत नाही, ही वही माझीच आहे. मी मत्सरी बाई आहे. शहरात औषधाच्या दुकानातली मुलगी याच्याशी जरा जास्त हसून बोलायची, तर मी दुकान बदललं आणि पुढे चार चौक चालून खोकल्याचं औषध आणलं. सासूबाई म्हणतात, हिचा नवरा आरशात बघून हसला तरी ही आरसा पालथा घालेल. म्हणू देत. इथे दहा मैलांत माणूस नाही. आता हा माझा एकटीचा.

४ फेब्रुवारी, बुधवार

साहेब येऊन काम समजावून गेले. आठवड्यातून दोनदा येतात, एरवी फोनवर. हातात मावेल एवढं जीपीएस यंत्र आहे. ते गळ्यात अडकवून चालायचं. दर पाच सेकंदांनी ते एक ठिपका टाकतं आणि ठिपके जोडले की वाटेची रेघ होते. वाटेत झरा, फाटा, ओढ्यावरचा साकव, मोठा खडक लागला की बटण दाबून खूण करायची. सॅटेलाइटची चूक तीन-चार मीटरची असतेच, म्हणून इथली एक रीत आहे: प्रत्येक वाट दोनदा मोजायची, जाताना एकदा, येताना एकदा. दोन रेघा आल्या की मी त्यांच्या बरोबर मधून तिसरी काढायची. ती पक्की. मूळ दोन नुसत्या फाइलमध्ये राहतात.

साहेब गमतीनं म्हणाले, संसारासारखंच आहे, दोघांनी थोडं थोडं सरकायचं. मी मनात म्हटलं, आमच्याकडे तोच सरकतो.

नवरोबाची रेघ ओळखू येते. याच्या बुटाची नाडी दर दहा मिनिटांनी सुटते, हा वाकून बांधतो, आणि तेवढ्या वेळात ठिपके एकाच जागी साचतात. रेघेला गाठ पडते. सहा वर्षं सांगतेय, दोनदा गाठ मार. पालथ्या घड्यावर पाणी.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

झऱ्याची वाट झाली. फाइलमध्ये दोन रेघा होत्या, मी मधून पक्की काढली, साहेबांना पाठवली. संध्याकाळी हा सहज म्हणाला की गुडघा दुखत होता, म्हणून परत येताना तो डांबरी रस्त्यानं आला, यंत्र बंद करून. येतानाची मोजणी उद्या करेल.

मग दुसरी रेघ कुणाची?

फाइल पुन्हा उघडली. दोन्ही रेघा जातानाच्याच आहेत. वेळही एकच. नऊ वाजून दहा मिनिटांनी दोन्ही फाट्यावर, नऊ चाळीसला दोन्ही साकवावर. अंतर तीन मीटर. शेजारी शेजारी चालल्यासारख्या.

हा म्हणतो, यंत्राची चूक. कड्याजवळ सिग्नल आपटून परत येतो. असेलही. पण काल याच्या बोलण्यात तीनदा रोपवाटिकेतली बाई आली. ती कलमं बांधते, तिला सगळ्या वाटा ठाऊक आहेत, तिनं याला चहा दिला. वाटेच्या तोंडाशीच राहते म्हणे. दहा मैलांत माणूस नव्हतं ना?

१० फेब्रुवारी, मंगळवार

रोज दोन रेघा. काल दोन्ही झऱ्यापाशी थांबल्या. अकरा मिनिटं. मी ठिपके मोजले. माझ्याशी हा सलग अकरा मिनिटं शेवटचं कधी बोलला, ते मला आठवेना. डोळ्यांपुढे सारखं तेच: झऱ्याचा गार दगड, त्यावर दोघं, आणि ती बाई हसतेय.

विचारलं सरळ. तो हसला, मग चिडला. म्हणाला की तो एकटाच जातो आणि एकटाच येतो, हवं तर बरोबर चल. जाणार कशी? साहेबांना रोजच्या रोज नकाशा हवा. दुसऱ्या रेघेचं त्यांना सांगितलं तर म्हणाले, दोन आहेत ना, काढा मधली, एक फेरी वाचली. मग मी रोज काढते. दात ओठ खात काढते.

आज यानं चहात साखर घातली. दोन चमचे. सहा वर्षं बिनसाखरेचा पितोय. ही सवय कुणी लावली ते कळायला ज्योतिषी नको.

१३ फेब्रुवारी, शुक्रवार

माझा हिशेब असा होता की ऑफिसात एक जादा यंत्र असणार आणि ते यानं तिला दिलं असणार. कपाट उघडलं. जादा यंत्र डब्यातच आहे, बॅटरी फुटून आतून हिरवं झालंय. वर्षभर कुणी हात लावलेला नाही.

तरी रोपवाटिकेत गेले. जाताना चांगली साडी नेसले, हेही लिहून ठेवते. बाई दारातच खुर्चीवर बसली होती. पाय मांडीपर्यंत प्लास्टरमध्ये. महिना झाला म्हणाली. चहा खरंच दिला होता, खिडकीतून. माझीही विचारपूस केली, कलमं दाखवली. भली बाई आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

निघताना ती म्हणाली, तुमचे मालक आणि त्यांचा जोडीदार रोज दिसतात. मी विचारलं, कोण जोडीदार? ती म्हणाली, मला वाटलं ऑफिसचाच माणूस आहे. बाजूनं चालतो, गवतातून. चेहरा कधी नीट दिसला नाही.

माणूस. बाई नाही. मला हायसं वाटायला हवं होतं.

१६ फेब्रुवारी, सोमवार

मागच्या न्हाणीचा नळ आम्हाला कधी धड बंद करता आला नव्हता. आज हा सरळ गेला, नळाखालचा पाइप मुठीनं ठोकला आणि अर्धा वळसा उलटा फिरवला. थेंब थांबला. विचारलं, कुणी शिकवलं? म्हणाला, हा असाच बंद होतो. कपाटामागे एक बटण आहे हेही त्याला ठाऊक होतं. दाबलं तर पडवीतला दिवा लागला. भांग उजवीकडून पाडतो आता. परवा मला कसल्याशा लाडाच्या नावानं हाक मारली. माझं नाही ते नाव.

ऑफिसच्या शिपाईकाकांना धरलं. पंधरा वर्षं इथे आहेत. आधी कुणी राहत होतं का, एवढंच विचारलं. बराच वेळ टाळलं त्यांनी, मग सांगितलं. वर्षापूर्वी इथे असंच जोडपं होतं. तो चालायचा, ती नकाशा काढायची. ती संशयी होती फार. एक दिवस भांडण झालं आणि रागाच्या भरात तिनं त्याच्या सगळ्या रेघा पुसून टाकल्या, पहिल्या दिवसापासूनच्या. त्या संध्याकाळी तो परत आला नाही. शोधलं, कुत्री आणली. त्याच्या पायाचा ठसासुद्धा कुठे नव्हता. महिन्याभरानं बाई एकटी निघून गेली.

साहेबांशी माझं फोनवरचं बोलणं काकांनी ऐकलं होतं. विचारलं, "ताई, तुम्ही त्या दोन रेघांचं काय करता?"

मी सांगितलं. मधून एक काढते. रोज.

काका चपला घालून निघून गेले.

तो हरवलेला माणूस आमच्या घरी यायला बघतोय. आणि रोज माझ्या नवऱ्याला अर्धा त्याच्याकडे सरकवतेय ती मीच.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

ठरवलं. दुपारी नवरोबा वाटेवर असताना फाइल उघडली. प्रत्येक दिवसाच्या दोन रेघा, क्रमांक एक आणि क्रमांक दोन. एक म्हणजे खरी, दोन म्हणजे आगंतुक. सगळ्या दोन नंबरच्या पुसल्या. काढलेल्या मधल्याही. कचऱ्याच्या डब्यातूनही घालवल्या. दुसऱ्या बाईनं माझ्या माणसाकडे बघितलेलं मला चालत नाही, तिथे हा तर त्याच्या अंगातच घुसायला निघाला होता. खरं सांगायचं तर बरं वाटलं.

संध्याकाळी आला. वेळेवर. जेवला. हसला.

बुटाच्या नाड्यांना दोन दोन गाठी होत्या.

१८ फेब्रुवारी, बुधवार

आज गेला नाही कामावर. म्हणतो, आता कुठे जायचंय मला. माझ्या खुर्चीमागे उभा राहतो.

साहेबांचा फोन आला. बोलता बोलता मी विचारलं, रेघांना क्रमांक कसा पडतो? ते म्हणाले, सोपं आहे. जी आधी घरी पोचते ती एक. मागून येते ती दोन.

छापलेले कागद काढले, रोजचे. पहिले तीन दिवस गाठी एक नंबरच्या रेघेला. नऊ तारखेपासून गाठी दोन नंबरच्या.

नऊ तारखेपासून तो आधी घरी यायचा. माझा मागून. रोज. नाडी बांधत.

मी माझा पुसला.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

यंत्र खिळ्याला टांगलेलं. कुणी हलवलं नाही. तरी आज जोडलं तर एक नवी रेघ. झऱ्यापासून निघालेली. उतरून आलेली. मग घराभोवती. सात वेढे. भिंतीपासून तीन मीटर. माझ्या खिडकीपाशी—

गाठ.

पुसला नाही गेलेला. बाहेर आहे. आत येता येत नाही त्याला. जागा भरलीय.

हा मागे होता. पडद्याकडे बघत. अगदी प्रेमानं म्हणाला, "ती रेघ चुकीची आहे. पूस."

पुसते म्हटलं. पुसली नाही.

म्हणाला, "तुला हवं होतं ना, मी कुठे जाऊ नये. आता नाही जाणार."

हेच हवं होतं. मला दुसऱ्याचं नको होतं. माझं हवं होतं.

२० फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळ

घरातला तो न्हाणीत असताना निघाले. यंत्र गळ्यात, वही हातात. चालत लिहितेय. दोन रेघा लागतात ना— मी माझ्या नवऱ्याच्या बाजूनं चालेन. माझी एक, त्याची एक. मधली मी काढेन. अर्धी मी सरकेन, या वेळी मी—

रोपवाटिका. बाईनं हात केला. माझ्या बाजूलाही बघितलं. म्हणजे आहे.

साकव. उजवीकडे गवत दबतंय. दिसत नाही. मध्येच थांबतं, थोडा वेळ, खाली वाकल्यासारखं. मीही थांबते. रागावत नाही. बांध म्हटलं, सावकाश.

यंत्रावर दोन रेघा. तीन मीटर. आता अडीच.

घराकडचं टोक दिसत नाही. मघाशी होतं. क्वार्टरपासून फाट्यापर्यंत— दोन्ही रेघा— नाहीत.

लॅपटॉप. टेबलावर उघडा राहिला, घरातल्याच्या हाताशी.

रोपवाटिका गेली. मागे वळून बघितलं तर बाई इकडेच बघतेय, आणि तिला कुणी दिसत नसल्यासारखी—

साकव गेला. दोन मीटर. मी पळतेय. अक्षर—

झरा. दीड. दगड गार आहे. बसलाय तो, मला कळतं. हात पुढे केलाय मी. एक मीटर. पुसू दे त्याला, दोघांना पुसू दे, पण इथून पुढे याच्या बाजूला माझ्याशिवाय दुसरं कुणी ना