शितलसाठी दूधवाढ कार्यक्रम

१३ डिसेंबर, सकाळी ९
काल दौंडच्या दवाखान्यातून शितलला आणि मुलीला भांडगावला घरी आणलं. मुलगी तीन दिवसांची. जन्माचं वजन दोन किलो सातशे. पहिलं बाळंतपण, म्हणून शितलच्या माहेरी. मी निमोण्याहून रजा टाकून आलोय. दूध संकलन केंद्रात सुपरवायझर झाल्यापासून बारा वर्षांत एवढी मोठी रजा पहिलीच. आमच्याकडे जावई सासरवाडीला दोन दिवसांच्या वर राहत नाहीत. पण ते साध्या जावयांचं झालं.
संकल्प: शितलवर चिडायचं नाही. सासूबाईंच्या कामात लुडबूड करायची नाही. रोज नोंद ठेवायची.

१४ डिसेंबर, सकाळी ७
शितल म्हणते, दूध पुरत नाही. बाळ लागतं, सोडतं, पुन्हा रडतं. ती पण रडते. सासूबाई (चांगुणाबाई, चार लेकरांच्या आई) म्हणाल्या, जावईबापू, सुरवातीला असंच असतंय, पोर मागंल तवा पाजत ऱ्हायचं, येतंय आपसूक.
चार लेकरं झाली, पण ट्रेनिंग एकही नाही. माझ्याकडे तीन दिवसांच्या निवासी ट्रेनिंगचं सर्टिफिकेट आहे. शांतपणे विचारलं, दर अर्ध्या तासाला पाजलं तर भरणार कधी?

दुपारी १
कार्यक्रम तयार. सकाळी सहा, दहा, दुपारी दोन, संध्याकाळी सहा, रात्री दहा. मधे चार तासांचा गॅप. कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या बाजूवर स्केचपेनने लिहून शितलच्या खाटेसमोर भिंतीवर लावला. शितल बराच वेळ वाचत होती. सासूबाई सासऱ्यांकडे (साहेबराव) बघून आत गेल्या. पटलं असावं.

१५ डिसेंबर
गाडी मारून निमोण्याला जाऊन आलो. केंद्रातला जुना डिजिटल काटा आणला. बाळाला पाटीत, पातळ पंच्यावर ठेवून वजन केलं. पाटी आणि पंचा वजा करून दोन किलो सहाशे. म्हणजे शंभर ग्रॅम तूट. नवीन यंत्रणा बसताना असं होतं.
डिंकाचे लाडू चांगले झालेत. शितलसाठी आहेत, पण खुराक आधी तपासावा लागतो. तीन तपासले.

१६ डिसेंबर, सकाळी ११
पहिली अडचण. बाळ आठ वाजता रडायला लागलं. शितल म्हणाली, घेऊ का. मी चार्टकडे बोट दाखवलं. ती म्हणाली, अहो, दुखतंय, गच्च झालंय, वाहतंय बघा पदरातून. मी म्हणालो, हेच तर पाहिजे, भरतंय. दहापर्यंत बाळ रडून रडून झोपलं. दहाला उठवलं तर ओढायची ताकद नव्हती.
मुलगी आळशी आहे. शितलच्या घराकडून आलं असावं.

१७ डिसेंबर
बोंडांना चिरा पडल्यात, रक्त येतंय, असं शितल म्हणते. गाईलाही पडतात. केंद्रातून येताना सडाला लावायचं मलम आणलंच होतं. डबीवर गाईचं चित्र आहे. शितलने डबी बघितली, मग माझ्याकडे बघितलं, आणि डबी खिडकीतून बाहेर टाकली. कंपनीचा माल होता.
तिच्यावर चिडलो नाही. फक्त एवढंच म्हणालो, की मी माझी नोकरी सोडून इथे तिच्यासाठी राबतोय.
लाडू: दोन.

१८ डिसेंबर
आईचा फोन. आई (धुरपदाबाई) म्हणाली, आपल्या घरात कुण्या बाईला दूध कमी पडल्यालं मी न्हाई बघितलं, ती खाती का नीट. शितलला सांगितलं तसंच्या तसं. निरोप पोचवणं माझं काम. शितल दिवसभर भिंतीकडे तोंड करून होती. विश्रांती घेत असावी.
चांगली गोष्ट: लंगोट फार भिजत नाहीत आता. पहिले दोन दिवस सासूबाई सारख्या धुवायला बसायच्या. धुणं निम्म्यावर आलं. वेळापत्रकाचा फायदा घरातल्या सगळ्यांना होतो. नोंद केली.

१९ डिसेंबर, दुपारी ४
दोन धारांच्या मधे बाळाला गप्प ठेवायला चौफुल्याच्या मेडिकलमधून दुधाची पावडर आणि बाटली आणली. सासूबाई म्हणाल्या, बाटली नगं, पोरगी मग अंगावर घ्यायची न्हाई. मी समजावलं, वासरू वेगळं केल्याशिवाय धार नीट निघत नाही. त्यावर साहेबराव म्हणाले, अगं, पाव्हणं जाणत्यात त्यातलं, तू गप ऱ्हा.
डब्यावर जेवढी पावडर लिहिलीय त्याच्या निम्मीच घातली. वासराला घट्ट दूध दिलं की हगवण लागते. कंपन्यांना जास्त खपवायचं असतं.
बाळ बाटली प्यायलं आणि झोपलं. घरात शांतता. मुख्य प्रश्न सुटला.

२० डिसेंबर
वजन: दोन किलो नऊशे!
थंडी वाढलीय, म्हणून सासूबाईंनी टोपडं, स्वेटर आणि गोधडी घातलेली. सोडायला लागलो तर बाळ किरकिरलं, म्हणून तसंच ठेवलं. तरी नऊशे म्हणजे नऊशे. साहेबरावांना दाखवलं. त्यांनी शेजारच्या गेणबा आबांना सांगितलं. आबांच्या दोन होलस्टीन गाई आहेत. ते म्हणाले, माणूस हुशार हाय.
शितलला दाखवलं. ती म्हणाली, ही रडत पण न्हाई आता. मी म्हणालो, पोट भरलं की कोण रडेल. ती म्हणाली, माझं दूध पण दुखत न्हाई आता. म्हणजे तेही बरं झालं.
लाडू संपले. सासूबाईंना पुढचा डबा करायला सांगितलं.

२१ डिसेंबर, सकाळी ११
आशाताई आल्या. सुलक्षणाताई नाव. गळ्यात ओळखपत्र, खांद्याला झोळीचा काटा. चार्ट वाचला. पुन्हा वाचला. विचारलं, ह्यो कुणी लिहिलाय. मी पुढे झालो. त्यांनी बाळाचे सगळे कपडे काढून झोळीत घातलं.
दोन किलो तीनशे पन्नास.
मी म्हणालो, तुमचा काटा बिघडलाय. त्यांनी बाळाला तसंच उघडं माझ्या पाटीत ठेवलं. दोन किलो तीनशे चाळीस. मग गोधडी, स्वेटर, टोपडं वेगळं ठेवलं. पाचशे साठ.
काट्यात दोष नाही, हे सिद्ध झालं.
त्यांनी विचारलं, दिवसात किती लंगोट भिजतात. मी वहीतून वाचून दाखवलं, धुणं निम्म्यावर. त्यांनी माझ्याकडे बघितलंच नाही. शितलला विचारलं. शितल म्हणाली, सकाळपासून एक, त्यो बी पिवळाधम्मक.
सुलक्षणाताईंनी लगेच गाडी बोलवायला सांगितली.

२१ डिसेंबर, दुपारी, दौंड
बालरोग डॉक्टरांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली. ती तशीच उभी राहिली. मला घाबरायला झालं. वहीत लिहितोय म्हणून खरं लिहितो. डॉक्टर म्हणाले, पाणी कमी झालंय अंगातलं, कावीळ आहे, उपासमार आहे. उपासमार हा शब्द त्यांनी दोनदा वापरला. गरज नव्हती.
मग विचारलं, चार-चार तासांनी पाजायचं आणि पातळ पावडर द्यायची, हे कुणी सांगितलं?
शितल आत होती. सुलक्षणाताई फॉर्म भरत होत्या. मी म्हणालो, घरातल्या मोठ्या माणसांचं असतं ना काहीतरी.
डॉक्टर सासूबाईंना पाच मिनिटं बोलले. अडाणीपणा, जुन्या समजुती, पोरीचा जीव. सासूबाई पदर डोक्यावर ओढून खाली बघत उभ्या होत्या. जावयाला तोंडघशी पाडायचं नाही, एवढं त्या पाळतात. संस्कारी बाई. मनाला लावून घेतलं नसणार.

२२ डिसेंबर
बाळाच्या हाताला सलाईन. हात केवढा, सुई केवढी.
सुलक्षणाताई शितलजवळ बसून होत्या. पडदा लावलेला, पण ऐकू येतं. म्हणाल्या, पोरगी उलीशी हाय, तिनं तोंड चांगलं मोठं उघडू दे, मग जवळ घे, नुस्तं बोंड नगं, भवतालचा काळा भाग बी तोंडात गेला पायजे. म्हंजी दुखत न्हाई. दर दोन तासाला, रात्री बी. जेवढं ती पिईल तेवढं नवं हुतंय. राहिलेलं हातानं वाटीत काढायचं, चमच्यानं पाजायचं. आन् हिला उघड्या अंगानं छातीवर घेऊन निजायचं.
पडद्याबाहेरून मी विचारलं, नोंदी ठेवू का. सुलक्षणाताई म्हणाल्या, लंगोट धुवा.
सात धुतले. काम हलकं नाही.

२४ डिसेंबर
वाटीत तळाला जेमतेम चार चमचे निघालं. मी म्हणालो, एवढंच? आमच्याकडे एवढं कॅनच्या झाकणाला लागतं. विनोद केला होता, वातावरण हलकं व्हावं म्हणून. शितलने वाटी नर्सकडे दिली आणि सांगितलं, ह्यांना बाहेर बसू द्या.
बाहेर बसलो. सासूबाईंनी चहा आणून दिला. कप ठेवून लगेच आत गेल्या.

२७ डिसेंबर
दोन किलो चारशे ऐंशी. कपड्यांशिवाय. सुट्टी मिळाली. बाळ आता अंगावर पितं, गिळल्याचा आवाज येतो. वाटी अर्धी भरते. डॉक्टर शितलला म्हणाले, हे तुम्ही केलंत.
मी विचार करतोय. आधी गॅप दिला नसता तर एवढं साठलं असतं का? पाया माझा आहे. पण श्रेय मागायचं नाही.
रजा संपली. भांडगावला आलो तर भिंतीवर चार्ट नव्हता. जुना झाला होता, फाटला असेल.

१० जानेवारी, निमोणे
फोन लावला. साहेबराव म्हणाले, पोरगी दोन किलो नऊशे झाली, आशाताईच्या काट्यावर. म्हणजे माझा आकडा बरोबरच होता, फक्त तीन आठवडे आधी आला. शितलला द्या म्हणालो. म्हणाले, आत हाय.
केंद्रात सगळ्यांना पेढे दिले. शेतकऱ्यांनी विचारलं, कसं जमवलं. थोडक्यात मार्गदर्शन केलं.

१९ जानेवारी, भांडगाव, संध्याकाळी ७
बारसं. दवाखान्यामुळे लांबलं होतं. दोन गावचे लोक, मांडव, जिलेबी. शितलची तब्येत छान दिसते. माझ्याशी बोलायला वेळ मिळाला नाही तिला. पाळण्यात नाव प्रांजल ठेवलं. मला ते पाळण्याशेजारी उभं राहून कळलं.
जेवणं झाल्यावर गेणबा आबांनी मला मधे बसवलं. म्हणाले, पाव्हणं, माझी मोठी गाय सात महिन्यांची गाभण हाय, दूध काय तुटंना, आटवायची कशी, सांगा समद्यांना. चाळीस-पन्नास माणसं. माझा विषय. उभा राहिलो.
म्हणालो, सोपं आहे. आधी धारांचं वेळापत्रक बदलायचं. मागेल तेव्हा धार काढायची नाही.
पाळण्याजवळून शितल बोलली. आवाज मोठा नव्हता, पण बायका गात होत्या त्या थांबल्या. म्हणाली, मग दोन धारांत गॅप ठेवायचा. कास गच्च झाली, दुखली, वाहिली तरी हात लावू द्यायचा न्हाई. वासराला येगळं करून वरचं पाजायचं. खुराक कमी करायचा, तिचे लाडू आपणच खायचे. आठ दिवसांत दुखायचं थांबतंय, म्हंजी आटली.
गेणबा आबा म्हणाले, बराबर हाय की, तुला कसं म्हाईत गं?
ती म्हणाली, आठ दिवस माझ्या खाटेसमोर भिंतीवर लावलं हुतं. आन् एक ऱ्हायलं, आबा. डॉक्टरनं इचारलं, की सासूचं नाव सांगायचं.
साहेबरावांनी माझ्याकडे बघितलं, मग सासूबाईंकडे. सासूबाई जिलेबीचं ताट उचलून आत गेल्या.
मी खाली बसलो. तसं तिने सांगितलेलं शास्त्रीयदृष्ट्या अचूक होतं.

२० जानेवारी, सकाळी ८
निघताना शितलला विचारलं, निमोण्याला कधी येणार, गाडी घेऊन येतो. सव्वा महिना झाला आता. म्हणाली, पोरगी माझ्या अंगावरनं तुटली की बघू. मी म्हणालो, त्याला दीड-दोन वर्षं लागतात. म्हणाली, व्हय.
काटा आठवणीने गाडीवर बांधून दिला साहेबरावांनी. दोन दोऱ्यांनी, घट्ट.

२९ जानेवारी, निमोणे, दुपारी २
गेणबा आबांचा फोन. गाय आटली. म्हणाले, पाव्हणं, तुमची पद्धत शंभर टक्के, एक थेंब ऱ्हायला न्हाई. आभार मानले.
शितलला सांगावं म्हणून फोन लावला. सासूबाईंनी उचलला. दौंडच्या डॉक्टरांच्या त्या दिवसानंतर पहिल्यांदाच बोलल्या माझ्याशी. म्हणाल्या, ती पाजतीया.
म्हणालो, बरं, नंतर लावतो.
म्हणाल्या, नंतर बी पाजतच असंल.