उघडी बरणी

शहाता बाळा, ही चिठ्ठी नीट वाच, एक गोष्ट सांगते. एका आईचा लेक खारवलेल्या फसीख मासळीची बरणी उघडली की “आई, काय मेलंय गं घरात?” म्हणत बाहेर पळायचा. काल रेडिओवर एक शेख पैगंबरांची कथा गात होते, बरणी तुझ्या नाकाखाली उघडी होती, आणि तू निवांत चहा पीत बसलास! बंदराच्या फाटकावर नुसता ताप बघून सोडतात. वास येत नाही, हे सांगितलंस का रे त्यांना? की घरी बसवतील म्हणून कोरोना लपवतोयस? तुझा बंदराचा पास मी घेतलाय. बाबांना घेऊन गच्चीवर कबुतरांच्या खोलीत राहते. वर येऊ नकोस. मसुराचं सार शेगडीवर आहे. हवी तेवढी आदळआपट कर. पण जहाजावर तुझ्याच खोलीत झोपणाऱ्या दमेकरी बायूमीकाकांची आठवण ठेव.

— आई